वाघाच्या जागेचा सारा

देवळं, मशिदी, चर्च यांच्याकडून कर घ्यावा की घेऊ नये, असा वाद परवा आमच्या ओटीवर निघाला. धाकट्या मुलाकडे त्याच्या कचेरीतली माणसं आली होती. एकजण म्हणाला, देव काय दुकान चालवतो का, त्याच्याकडून कर कसला मागता. दुसरा म्हणाला, ही मंडळी समाजाचं काम करतात, सरकारनं तेवढं तरी सोडायला नको का. मी आत तांदूळ निवडत होते. ऐकून घेतलं, ऐकून घेतलं, आणि शेवटी राहवेना तेव्हा सूप खाली ठेवून बाहेर गेले. म्हटलं, "ज्या जागेला माफी देता तिचा आधी शेतसारा कोण भरत होतं, ते विचारून या. मग बोला." मुलगा ओशाळला. पाहुण्यांना वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलंय. फिरलंच आहे. फिरलं त्याला जमाना झाला, अजून जागेवर आलेलं नाही.

मी मूळची मुरबाडकडची. लग्न होऊन खर्डीच्या पलीकडे, डोंगराला चिकटलेल्या एका गावात आले, तेव्हा मोठी लढाई अजून सुरू व्हायची होती. नवरा तानशाच्या नळावर राखणदार होता. मुंबईला पाणी नेणारा तो नळ, त्याच्या कडेकडेनं फिरायचं आणि कुणी त्याला हात लावत नाही ना ते बघायचं. घरी यायचा सणावाराला. त्यामुळे घरात आम्ही तिघंच, मी, सासू आणि सासरा. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात, सासऱ्याला मामा. आत्या बुटकी, काटक आणि तोंडाची फटकळ. पाटलालासुद्धा सोडायची नाही. मामा तिच्या बरोबर उलट. दिवसभरात चार शब्द बोलले तर बैल त्यांच्याकडे वळून बघायचे.

आमच्या भाताच्या खाचराला लागून, वरच्या अंगाला, वाघाची जागा होती. ऐन, बेहडे, मोह, एक जुनं उंबर, आणि त्यांच्या मधोमध शेंदूर फासलेला दगड. दगडावर वाघ कोरलेला होता म्हणे, पण इतक्या पिढ्यांचा शेंदूर बसून त्या वाघाचं मांजर झालं होतं. तो गावाचा वाघदेव. वाघबारशीला सगळं गाव तिथं जमायचं, नारळ फुटायचे, गुराख्यांना गोडाचं जेवण मिळायचं. एरवी तिथं कुणी फिरकायचं नाही. तिथं नांगर घालायचा नाही, कोयता न्यायचा नाही, वाऱ्यानं पडलेली फांदीही चुलीत घालायची नाही. आणि त्याहून कडक एक गोष्ट होती. त्या जागेला 'माझी' म्हणायचं नाही. माझी म्हटलं की वाघ गोठ्याची वाट धरतो, अशी लहानथोर सगळ्यांची पक्की समजूत. मी नवी सून, एकदा बोलून गेले, "आपल्या जागेतली उंबरं पिकली हो आत्या." तिनं माझ्या तोंडावर हातच मारला. म्हणाली, "आपली नाय गो! देवाची म्हन, देवाची." दगडाच्या दिशेनं तिनं दोन्ही कान धरले आणि मलाही धरायला लावले.

देवाची म्हणजे किती देवाची, तेही सांगते. आमच्याकडे भाताचं रोप टाकायच्या आधी राब भाजतात. जमिनीवर शेण, पाला, गवत पसरून ते जाळायचं, मग त्या राखेवर पेरायचं. राबाला ऐनाच्या फांद्या लागतात. त्यांच्यासाठी आम्ही सासवासुना पार उंबरमाळीच्या बाजूला रानात जायचो. जंगलखात्याच्या माणसाची बोलणी खायचो आणि मान मोडेस्तोवर भारे वाहून आणायचो. आमच्या बांधाला लागून ऐन उभे असायचे, पानांनी डवरलेले. त्यांच्याकडे बघत बघत आम्ही भारा टाकायचो. पण त्यांना हात लावावा असं कधी मनात आलं नाही, आत्याच्याही नाही.

आता यातली मेख ऐका. त्या जागेचा सारा आम्ही भरत होतो. कधीकाळी मोजणीवाले येऊन गेले, त्यांनी वाघाच्या जागेसकट सगळं रान एकाच मोजणी नंबरात धरलं आणि आमच्या घराण्याच्या नावावर चढवलं. झाडांखालची माती काळीभोर दिसली, म्हणून ती भाताची जमीन ठरवली. सरकारच्या लेखी वाघाच्या जागेत दर साली भात पिकत होतं! सारा वसूल करायला तलाठी चावडीवर येऊन बसला की आत्याचं तोंड सुटायचं. "तिथलं भात कोन खातंय रे? तू जेवून आलास काय?" तलाठी बिचारा हसायचा आणि घ्यायचा तेवढा घ्यायचा. मामा म्हणायचे, "राहू दे गो. देवाचं भरतो आपन. चांगलंच हाय." त्यांना खरंच त्यात काही वावगं वाटत नसे.

आत्याला ते वावगं वाटायला लागलं बाजाराच्या गावी. त्या गावाचं नाव घेत नाही, त्या माणसांची मुलंबाळं तिथं नांदतायत. तिथं मोठं देवस्थान होतं. कौलारू देऊळ, दगडी दीपमाळ, मागं लांबच लांब धर्मशाळा, आणि नदीकाठची पहिल्या प्रतीची जमीन. त्या जमिनीला सारा माफ. का, तर देवापुढे दिवा लागावा आणि वाटसरूला टेकायला जागा मिळावी. आम्ही वालाच्या शेंगा विकायला गेलो होतो. उन्हानं अंगाची लाही झाली, म्हणून धर्मशाळेकडे वळलो, तर दाराला हे एवढं कुलूप! खिडकीतून बघितलं तर आत छतापर्यंत गवताच्या गासड्या रचलेल्या. मुंबईच्या तबेल्यांना गवत पुरवणाऱ्या एका व्यापाऱ्याला धर्मशाळा वखार म्हणून भाड्यानं दिली होती. पायरीवर बसलो तर देवस्थानचा गडी आला, म्हणाला, "उठा इथून, माल काढायचाय." आत्या उठली नाही. तिनं विचारलं, "का रे, तुमचा देव बैल हाय काय? येवढं गवत त्याला कशाला लागतं?" बाजारातली माणसं फिदीफिदी हसली. गड्यानं आमची पाटी पायानं सरकवली.

मग दिव्याचीही चौकशी आत्यानं तिथंच उभ्या उभ्या केली. देवापुढच्या समईत तेल कोण घालतं? गावातल्या बाया पाळीपाळीनं घालतात. म्हणजे दिवा बायांचा, निवारा गवताला, आणि माफी देवस्थानला. घरी येईपर्यंत आत्या धुमसत होती. मधेच थांबून, कमरेवर हात ठेवून म्हणाली, "त्यांच्या देवाला माफी आनि आपल्या देवाला सारा? त्यांचा देव काय सरकारचा जावई लागतो?" मलाही तळपायाची आग मस्तकाला गेली होती. मी म्हटलं, "आत्या, मागूया की आपणही." माझं चौथीपर्यंत शिकणं झालं होतं. सरकारकडे न्याय मागितला तर मिळतो, असं मला खरोखर वाटत होतं.

आत्यानं मामांचं डोकं खाल्लं. उठता बसता तेच. शेवटी मामा कंटाळून कुणाकडे गेले असतील? त्याच देवस्थानच्या कारभाऱ्याकडे! कारण माफीतलं कळणारा माणूस पंचक्रोशीत तेवढा एकच. कारभारी गोड माणूस. मामांना त्यानं सतरंजीवर बसवलं, चहा पाजला. म्हणाला, "तुमचं म्हणणं रास्तच आहे. पण उघड्यावरच्या दगडाला सरकार देव मानत नाही हो. वर छप्पर पाहिजे, पुढं दिवा पाहिजे. देऊळ दिसलं की बाकीचं मी बघतो." मामा परत आले ते काही हरखून नाही. उलट ओट्यावर बसून कितीतरी वेळ पायाचा अंगठा चोळत राहिले. मग म्हणाले, "वाघाला कोन घर बांधतं का?" गावातल्या जाणत्यांनीही तेच म्हटलं. वाघदेवाला आभाळ लागतं, त्याला कोंडू नका. पण आत्या ऐकते कसली. ती म्हणाली, "पावसात भिजतो बिचारा, त्याला काय बरं वाटत असंल?" असं बोलून बोलून तिनं सगळ्यांना वळवलं.

देऊळ आम्हीच बांधलं. देवाच्या झाडाची काठीही तोडायची नव्हती, म्हणून मामांनी आमच्या गोठ्याचे खांब, मेढी, उपटल्या. त्या वर्षी बैल पडवीत बांधले. मी आणि आत्यानं कारवी कापून आणली, कुडाच्या भिंती विणल्या, शेणामातीनं लिंपल्या. गावानं कौलं दिली. छप्पर चढलं त्या दिवशी मामा दगडापुढे आडवे पडले आणि बराच वेळ उठले नाहीत. मी मात्र खूश होते. मला आमचं ते बुटकं देऊळ दीपमाळेच्या देवळाइतकंच खरं वाटत होतं.

मग तालुक्याच्या कचेरीतून चौकशीला साहेब आले. तलाठी बरोबर होता, पाटील होता, आणि कारभारीही आला होता, मदतीला म्हणून. दगडासमोरच सगळे उभे राहिले. साहेबांनी मामांना विचारलं, "जमीन कोणाची?"

मामांनी हात जोडले. "देवाची, साहेब."

"नाव तुमचं आहे ना?"

"नाव आमचं हाय. जागा देवाची."

"तुमचा तिच्यावर काही हक्क?"

"देवाच्या जागेवर आमचा कसला हक्क, साहेब?"

 मी पदराआडून आत्याला ढोसलं, "आपली म्हणायला सांगा ना त्यांना. आपली आहे, सारा आपण भरतो!" आत्यानं डोळे वटारले. "वाघाच्या तोंडावर? गप बस." आणि खरंच, त्या दगडासमोर उभं राहून 'माझी' म्हणणारा माणूस आमच्या गावात जन्मला नव्हता. साहेब दुसऱ्या मुलखातले. त्यांना मामांच्या बोलण्यात सरळसोट कबुली दिसली. ते म्हणाले, "मग या देवाचा कारभार कोण बघणार?" कारभारी लगेच पुढं झाला. "आमचं देवस्थान बघेल, साहेब. ही भोळी माणसं, यांना झेपायचं नाही." साहेबांनी मामांकडे बघितलं. मामांनी मान डोलावली. मोठी माणसं आपल्या वाघाची काळजी घेणार, याचा त्यांना आनंदच झाला होता. जागा देवस्थानच्या नावावर चढवून कारभाऱ्यानं केसानं गळा कापला तो असा, भर उन्हात, सगळ्यांच्या देखत, गोड बोलून.

पुढच्या वसुलीला तलाठ्यानं सांगितलं, "तुमचा सारा कमी झाला बरं का. वाघाची जागा माफीत गेली." आत्यानं गावभर गूळ वाटला. गूळ! आठवलं की अजून अंगाचा तिळपापड होतो.

लढाई पेटली तशी पेट्रोलची टंचाई आली आणि मोटारी कोळशावर चालायला लागल्या. कोळशाला सोन्याची किंमत आली. भात झोडून झाल्यावर एका सकाळी वाघाच्या जागेतून ठक ठक आवाज यायला लागला. आम्ही खळ्यावरून पळत गेलो. घाटावरून आणलेले लाकूडतोडे ऐनाला भिडले होते. आमच्याकडच्या कातकऱ्यांना ठेकेदारानं आधी विचारलं होतं, त्यांनी कानाला हात लावले, म्हणून परके आणले. आत्या ऐनाला मिठी मारून उभी राहिली. मी दुसऱ्या ऐनाला. ठेकेदार म्हणाला, "बाई, मी देवस्थानकडून रीतसर झाडं घेतलीत. देवाला सभामंडप बांधायचाय." आत्या ओरडली, "कोनच्या देवाला?" त्याला बिचाऱ्याला प्रश्नच कळला नाही.

कारभारी दुपारी आला. तोच गोड आवाज. "वहिनी, असं काय करता? देवाचीच झाडं देवाच्याच कामाला जातायत. त्यात तुमचं काय गेलं? तुमचा सारा तर वाचला." मी सून असून बोलले. पदर खोचून बोलले. म्हटलं, "ज्या झाडाचं पान आम्ही राबाला घेतलं नाही, ते तुम्ही विकलंत? लाज कशी वाटत नाही मेल्यांनो?" कारभाऱ्यानं मामांकडे बघितलं, सुनेला आवरा म्हणून. मामा दगडाजवळ बसले होते. त्यांनी मला आवरलं नाही. 

झाडं गेली. मोह गेले, बेहडे गेले, उंबर तोडायला सगळ्यात जास्त वेळ लागला. तिथंच मातीच्या भट्ट्या लावून कोळसा पाडला. धूर आमच्या घरात यायचा, भाकरीला त्याचा वास लागायचा. मग देवस्थाननं ती जमीन नांगरायला दिली. कुणाला? आम्हालाच विचारलं आधी, मक्त्यानं, ठरीव खंड देऊन, करता का म्हणून! मामांनी कारभाऱ्याच्या माणसाला ओट्यावर चढू दिलं नाही. दुसऱ्या गावच्या कुळानं येऊन तिथं नांगर घातला. नांगराचं पहिलं तास ओढलं तेव्हा मामा बांधावर उभे होते. घरी आले ते अंथरुणाला खिळले, आणि त्या पावसात गेले. वैदू म्हणाला ताप. असेल ताप.

सभामंडप झाला. चांगला झालाय, फरशी गुळगुळीत आहे. लग्नाला भाड्यानं देतात.

परवाचे ते पाहुणे म्हणत होते, धर्माच्या जागांवर कर बसवला तर गरिबांची सोय बंद होईल. होईलही. जिथं खरंच सोय आहे, भुकेल्याला घास मिळतो, दार उघडं असतं, तिथं नका घेऊ कर. मी कुठं म्हणते घ्या? मंदिर असो, मशीद असो, चर्च असो. पण दाराला कुलूप घालून आत दुसऱ्याचा माल भरायचा आणि बाहेर देवाचं नाव लावायचं, याला माफी? आणि ज्याच्या देवाला छप्पर नाही, कारभारी नाही, साहेबाशी बोलणारं तोंड नाही, त्यानं देवाच्या पायाखालच्या मातीचाही सारा भरायचा? हा कसला न्याय? माझ्याशी कुणी भक्तीच्या गप्पा मारू नयेत. आमच्याइतकी भक्ती करून दाखवावी आणि मग यावं.

मामांचे दिवस झाल्यावर आत्या मला म्हणाली, "चल गो, लुगडं नेस. तालुक्याला जायचंय." कशाला, ते सांगेना. खर्डीहून गाडीनं गेलो, पुढं चालत.  कचेरीत साहेब नवे होते, जुने बदलून गेले होते. आत्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली. तिनं हात जोडले नाहीत.

"साहेब, वाघाच्या जागेची माफी काढा. आमच्यावर सारा लावा."

साहेबांना वाटलं आपण काहीतरी चुकीचं ऐकलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "बरोबर ऐकलंत. सारा लावा म्हणते ती. पहिल्यासारखा." कारकून हसायला लागले. साहेबही हसले, पण माणूस वाईट नसावा, त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं. म्हणाले, "बाई, इथं लोक सूट मागायला येतात. सारा मागायला आलेल्या तुम्ही पहिल्याच."

आत्या बसली नाही. "आमी भरत होतो तवा झाडं होती," ती म्हणाली. "आमी भरत होतो तवा देव उघड्यावर होता, पन होता. माफी झाली आनि त्याचा कोळसा झाला. मला नको माफी. सारा घ्या, दुप्पट घ्या, जागा तेवढी परत करा."

तिच्या तोंडून 'माझी' अजूनही निघालं नाही. 'जागा' म्हणाली. मी शेजारी उभी राहून दात ओठ खात होते.

साहेबांनी समजावलं. जमीन आता देवस्थानची आहे. तुमच्या मालकांनीच चौकशीत देवाची म्हणून सांगितलं होतं. त्याला आता इलाज नाही. आत्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बरं. आमची नाय तर नाय. मंग त्यांच्याकडनं तरी सारा घ्या. झाडं इकली, नांगर घातला, भात काढतात. आता खरं पिकतंय तिथं. घ्या त्यांच्याकडनं."

साहेब म्हणाले, "तसं करता येत नाही, बाई. देवाच्या जमिनीवर सरकार सारा घेत नाही."

आत्या टेबलाच्या आणखी जवळ गेली.

"नाय घेत? मंग इतकी वरसं आमच्याकडनं कसला घेतला?"

 साहेबांनी घंटी वाजवून पट्टेवाल्याला बोलावलं, आणि पट्टेवाल्यानं आम्हाला दंडाला धरून बाहेर काढलं.